नऊशे ब्याण्णव टप्पे

एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा.
झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगीन.
म्हणून सुगतनं मोबाइल पुढे केला,
"काका, दुबई ते हाँगकाँग
पाच हजार नऊशे पन्नास. सव्वासात घंटे,"
तेव्हा मी वेबिलाच्या पाठीवर भागाकार मांडला,
शेवटचा अर्धामुर्धा टप्पा पुरा धरला :
नऊशे ब्याण्णव.
टप्प्याला दहा रुपये, नऊ हजार नऊशे वीस.
बाईमाणसाला अर्धं.
पंचफुलाबाई म्हणाली, "मंग तर स्वस्तच हाय बाप्पा."

सावळधऱ्याला आमची मुक्कामी गाडी.
रात्री साडेआठला लागते, पहाटे पावणेसहाला सुटते.
पांढरकवडा सात टप्पे,
पावणेदोन तास, ढोरं आडवी आली तर दोन.
सुगतची बहीण विशाखा याच गाडीनं गेली,
नर्सिंगचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत
आणि एक बॅग,
जिचं लगेज मी फाडलं नाही.
साहेबांनी हे वाचलं तर वाचो.

तिथं ती एका म्हातारीला सांभाळते.
म्हातारीचा मुलगा आता हाँगकाँगला चालला
म्हणून म्हातारी चालली, म्हणून विशाखा.
तिनं कळवलं :
बुधवारी रात्री अकरा-चाळीसच्या सुमारास
गावावरून जाईन.
डावी खिडकी मागितली आहे.

गावावरून जाणं म्हणजे आमच्याकडं
फाट्यावर गाडी थांबते,
कोणी बाटली भरून आणतं,
कोणी खिडकीतून हरभऱ्याचा ढाळा आत सारतं,
कोणाचा तरी निरोप अर्धा राहतो
आणि गाडी सुटल्यावर ओरडून पुरा होतो.
विमान मिनिटाला पंधरा किलोमीटर जातं.
माझे सात टप्पे पावणेतीन मिनिटांत.
आश्रमशाळेच्या पोरी चढायलाच
मला तेवढा वेळ लागतो.

बुधवारी गावची लाइन गेलेली.
पौषातलं आभाळ, तुरीवर दव.
पाण्याच्या टाकीखाली आम्ही आठ-नऊ जण, माना वर.
"एवढ्या अंधारात तिले गाव दिसन कसं?" सुगत म्हणाला.
पेंदोर ड्रायव्हर,
जो उन्हाळ्यात केबिनचा पंखासुद्धा लावू देत नाही,
उठला, आणि त्यानं गाडीतलं होतं नव्हतं ते सगळं पेटवलं :
हेडलाइट, आतले दिवे, पाटीवरचा दिवा,
दोन्ही बाजूंचे इंडिकेटर एकदम.
रिकामी गाडी लग्नासारखी उजळली.
टाकीवरचं घुबड उडून गेलं.

अकरा अडतीसला एक ठिपका आला, लुकलुकत.
पंचफुलाबाईनं हात दाखवला,
एसटीला दाखवतात तसाच, तळवा खाली करून.
गेला.
अकरा एकावन्नला आणखी एक, जरा दक्षिणेकडून.
त्यालाही दाखवला.
कोणता तिचा? सुगतच्या मोबाइलला रेंज नव्हती.
मी दारात उभा होतो,
सवयीनं दोरी ओढली गेली.
एक घंटी म्हणजे थांबा.
माझ्या चाकरीत पहिल्यांदा
कोणी ती ऐकली नाही.
मग, आणखी एखादं येईल म्हणून
आम्ही दिवे तसेच ठेवले, बराच वेळ.

पहाटे गाडी सुरू होईना.
बॅटरी बसलेली.
पेंदोर माझ्याकडे पाहीना, मी त्याच्याकडे.
दुधाचे कॅन खाली ठेवून माणसं मागे लागली,
आश्रमशाळेच्या मास्तरांनी मफलर कमरेला बांधला,
हैय्या म्हटलं की हातभर पुढं,
थांबलं की वीतभर मागं.
तेवढ्यात पंचफुलाबाईचा फोन वाजला.
एक हात पत्र्याला तसाच टेकलेला.

"पोचली म्हन्ते.
इचारते, मी दिसली का?"
आणि आम्ही कोणी काही सांगायच्या आत फोनमध्ये,
"दिसली न माय. डाव्या खिडकीत.
केस बांधत जाय जरा."

गाडी अजून टाकीपाशीच होती.
मी वेबिलावर सुटायची वेळ मोकळी सोडली
आणि खांदा लावला.